पट्टीतला पू आणि जवानाची ओळख

फौजेत जखमांवरच्या, पुवाने भरलेल्या पट्ट्या जाळताना मी कितीदा पाहिल्या. १८६९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनला फ्रीडरिश मीशर हा तरुण डॉक्टर अशाच पट्ट्या रुग्णालयातून मागवून घेई. किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात त्याची प्रयोगशाळा होती. पट्ट्या धुऊन तो पेशी वेगळ्या करी, डुकराच्या जठरातल्या पाचकद्रव्याने प्रथिने विरघळवी आणि पेशींची केंद्रके मिळवी. त्यांतून फॉस्फरस असलेला नवाच पदार्थ निघाला. त्याला त्याने नाव दिले ‘न्यूक्लीन’. गुरू होप्पे-सायलर यांनी प्रयोग स्वतः करून पाहिला, मगच १८७१ मध्ये तो छापला. त्या न्यूक्लीनमध्येच डीएनए होता. चेहरा ओळखू न येणाऱ्या शहिदाचा डीएनए आज आईच्या रक्ताशी ताडून पाहतात, आणि त्याला त्याचे नाव परत मिळते. जय हिंद.