उलटं न फिरणारा रेणू

प्रकाशावर चालणाऱ्या रेणूएवढ्या मोटरचं कूळ शोधत गेलं, तर आपण स्विचपाशी पोचतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात बेन फेरिंगा आणि त्यांचे सहकारी प्रकाश पडला की रूप बदलणारे रेणू घडवत होते. अशा रेणूंत माहिती साठवता येईल, ही आशा. कार्बनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध एरवी ताठ असतो. अतिनील प्रकाशात तो क्षणभर सैल होतो आणि रेणूचा अर्धा भाग वळतो. आपल्या डोळ्यातला रेटिनालचा रेणू प्रकाशाने असाच वळतो, म्हणून तर आपल्याला दिसतं.

पण वळणं म्हणजे फिरणं नव्हे. दार उघडतं, मिटतं. त्याचं चाक होत नाही. त्यातून रेणूंच्या जगात उष्णतेमुळे सगळंच थरथरत असतं, पुढे सरकलेलं तितकंच मागे येतं. खरी अडचण उलटं फिरणं थांबवण्याची होती.

ती १९९९ साली फेरिंगांच्या गटाच्या एका नव्या रेणूने सोडवली. या रेणूचे दोन भाग इतक्या दाटीत बसवले होते, की एकमेकांना चुकवताना ते मळसूत्रासारखे पिळले जात. प्रकाशाने अर्धा भाग वळतो आणि अवघडून बसतो. मग उष्णतेने तो दुसऱ्या भागाच्या पलीकडे घसरतो आणि परतीची वाट बंद होते. हेच पुन्हा एकदा घडलं की फेरा पुरा. पहिल्या मोटरला त्यासाठी ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवावं लागे. जी थरथर आड येत होती, तिलाच खीळ बनवलं; मला या कल्पनेचं सौंदर्य अजून पुरतं पचलेलं नाही.

पुढे वेग सेकंदाला १.२ कोटी फेऱ्यांपर्यंत गेला. २००६ मध्ये द्रवस्फटिकाच्या थरात मिसळलेल्या या मोटरींनी २८ मायक्रोमीटर लांबीची काचेची काडी फिरवून दाखवली. काडी मोटरीच्या हजारो पट मोठी! २०१६ चं रसायनशास्त्राचं नोबेल फेरिंगांना झाँ-पिएर सोव्हाज आणि फ्रेझर स्टॉडर्ट यांच्यासोबत मिळालं.

उपयोगाची वाट मात्र आता कुठे उघडते आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या जेम्स टूर यांनी सहकाऱ्यांसह या मोटरींनी पेशींच्या आवरणाला भोकं पाडली; प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मेल्या. पण अतिनील प्रकाश निरोगी पेशींनाही जाळतो. म्हणून दिसणाऱ्या प्रकाशावर फिरणाऱ्या मोटरी घडवाव्या लागल्या. २०२२ मध्ये जांभळ्या उजेडात फिरत त्यांनी जिवाणू मारले, प्रतिजैविकांना न जुमानणारेसुद्धा.