इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवताय? बॅकअप किती मिळेल आणि स्मार्ट ऑटोमेशन कसं करायचं?

आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते, कधी कधी पाच-सहा तास. घरून काम करणाऱ्याला किंवा ऑनलाइन परीक्षा असणाऱ्याला हे परवडत नाही. म्हणून आज इन्व्हर्टरचा हिशोब बघू.

माझ्याकडे 12 व्होल्ट, 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे. 12 × 150 म्हणजे कागदावर 1800 वॅट-अवर. पण थोडी वीज इन्व्हर्टरमध्येच जाते, आणि लेड-ॲसिड बॅटरी दरवेळी पूर्ण रिकामी केली तर लवकर बाद होते. त्यामुळे मी 1000 च धरतो. आता लोड बघा: 75 वॅटचे दोन साधे पंखे, 9 वॅटचे चार एलईडी, राउटर 12, लॅपटॉप 60. एकूण 258 वॅट, म्हणजे चार तासांच्या आतच खेळ खल्लास. तेच पंखे 30 वॅटचे बीएलडीसी घेतले तर लोड 168 वर येतो आणि जवळपास सहा तास मिळतात. दुकानदार मोठी बॅटरी सुचवेल, पण माझ्या मते आधी पंखे बदला. गीझर, इस्त्री, एसी या लाईनवर नकोच.

आता स्मार्ट भाग. एक स्मार्ट प्लग मुद्दाम इन्व्हर्टर नसलेल्या लाईनवर लावायचा. लाईट गेली की तो ऑफलाइन होतो. होम असिस्टंट चालवणारा रास्पबेरी पाय आणि राउटर मात्र इन्व्हर्टरवर हवेत. प्लग मिनिटभर दिसला नाही, की पाय टीव्हीचा प्लग बंद करतो आणि मोबाईलवर मेसेज पाठवतो. प्लग लोकल कंट्रोलवाले घ्या. लाईटबरोबर ब्रॉडबँडही गेलं तर क्लाउडवाले ऐकत नाहीत (मेसेजही तेव्हा घरच्या वायफायवरच मिळेल).

वायरिंग मात्र यूट्यूब बघून करू नका, लायसन्सवाला वायरमन बोलवा. काही जण दोन्हीकडे पिन असलेली वायर लावून इन्व्हर्टरचा करंट भिंतीतल्या सॉकेटमध्ये सोडतात. हे अजिबात नको! मेन स्विच चालू राहिला तर तो करंट उलटा बाहेरच्या लाईनवर जाऊ शकतो, आणि तिथे खांबावर कुणीतरी लाईट बंद आहे असं समजून काम करत असतं.

बॅटरी हवेशीर जागी ठेवा, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. देवघरातल्या दिव्याजवळ तर नकोच. डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायला मी फोनवर दोन महिन्यांचा रिमाइंडर लावलाय.