रिद्धपूरचा संग्रह

अनेकांच्या लेखनांतून आपणांस मोलाचें वाटेल तेवढें वेंचावें आणि तें स्नेह्यांपुढें ठेवावें, ही आवड सुशिक्षित समाजांत जुनीच आहे. अलीकडे संगणकानें तिला मोठें साहाय्य केलें. एखाद्या संकेतस्थळावर नवा मजकूर प्रसिद्ध होतांच त्याची वर्दी आपोआप वाचकाकडे यावी, अशी योजना १९९९ सालीं निघाली. या वर्दीच्या ओघास फीड असें म्हणतात. पुढें २००५ सालीं निघालेल्या 'गूगल रीडर' या सेवेंत अनेक फीड एकाच जागीं वाचतां येत आणि त्यांतील निवडक लेख मित्रमंडळींस देतां येत. परंतु २०११ सालीं ही वांटणीची सोय काढून घेण्यांत आली, आणि १ जुलै २०१३ रोजीं ती सेवाच बंद झाली. अशा संग्रहांभोंवतीं जमलेल्या वाचकांच्या लहान लहान मंडळ्या त्यामुळें पांगल्या.

संग्रह टिकतो कशानें आणि नाहींसा होतो कशानें, हा प्रश्न मात्र संगणकाबरोबर जन्मलेला नाहीं. धामणगांव रेल्वे ज्या अमरावती जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर हें गांव आहे. तेथें सुमारें साडेसातशें वर्षांपूर्वीं झालेला एक संग्रह या प्रश्नाचें उत्तर देऊं शकतो.

श्रीचक्रधरस्वामींनीं स्वतः ग्रंथ लिहिला नाहीं. त्यांनीं महाराष्ट्र सोडल्यानंतर त्यांच्या आठवणी तेवढ्या मागें राहिल्या, आणि त्याही विखुरलेल्या: कांहीं या शिष्याजवळ, कांहीं त्या शिष्येजवळ. त्या वेळीं रिद्धपुरास राहणाऱ्या म्हाइंभट नांवाच्या विद्वान् अनुयायानें त्या गोळा करण्याचें मनावर घेतलें. ज्यानें जें प्रत्यक्ष पाहिलें किंवा ऐकलें, तें त्याच्याकडूनच मिळवावें आणि पंथाचे आचार्य नागदेव यांच्याकडून पडताळून घ्यावें, अशी त्याची रीत होती. इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेलें 'लीळाचरित्र' हें या परिश्रमाचें फळ होय. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी त्याची मांडणी आहे. मराठींतील हा आद्य गद्य चरित्रग्रंथ एका दृष्टीनें पाहतां अनेकांच्या बोलण्याचा संग्रहच आहे; म्हाइंभटाची थोरवी शोधांत, निवडींत आणि क्रम लावण्यांत आहे.

या संग्रहावरही घाला आला. चौदाव्या शतकाच्या आरंभींच्या स्वारींत, जिला पंथांत खालशाची धाड म्हणतात, मूळ पोथी नष्ट झाली असें परंपरा सांगते. तरी ग्रंथ मेला नाहीं. तो एकाच कपाटांत नव्हता, तर अनेकांच्या मुखांत होता. हिराइसा प्रभृति अनुयायांच्या स्मरणांतून तो पुन्हा लिहिला गेला. अर्थात् सर्वांचें स्मरण अगदीं सारखें असणें शक्य नव्हतें. तेव्हां पंथांतील लेखकांनीं एक गोष्ट केली, तिचें मोल आज विशेष वाटतें. ज्याचा पाठ निराळा, त्याचें नांव देऊन तो पाठ त्यांनीं पोथींत नमूद केला. अशा पाठभेदास ते वासना म्हणत. खरें कोणतें हें आपणच ठरवून बाकीचें पुसून टाकण्याचा मोह त्यांनीं आवरला.

या संग्रहांतून पुढें दुसरी निवड झाली. केसोबासांनीं लीळाचरित्रांतून स्वामींचीं वचनें वेगळीं काढून 'सूत्रपाठ' लावला, आणि ११४ दृष्टांत निवडून 'दृष्टांतपाठ' रचला. केसोबास संस्कृतांतही लिहीत. पण नागदेवाचार्यांचा आग्रह मराठीचा होता. संस्कृतामुळें साध्याभोळ्या वृद्ध स्त्रियांस ज्ञानास मुकावें लागेल, हें त्यांना मान्य नव्हतें. वांटावयाचें तें घेणाऱ्याला पेलेल अशा भाषेंत वांटावें, हा त्यांचा विचार होता.

आणि येथेंच या इतिहासाला दुःखद वळण लागतें. पुढच्या काळांत ग्रंथ परक्यांच्या हातीं पडूं नयेत म्हणून पंथानें ते सांकेतिक लिपींत लिहिण्यास आरंभ केला. 'सकळ' ही त्यांतील प्रमुख लिपी होय. या कुलुपानें ग्रंथ सुरक्षित राहिले हें खरें. परंतु ज्या मराठींत ते सर्वांसाठीं लिहिले, त्या मराठीच्या वाचकांनाच ते शतकानुशतकें परके झाले, आणि अज्ञानांतून पंथाविषयीं नाना गैरसमज माजले. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं या लिपीचा उलगडा केला. धामणगांवच्या स्टेशनावर उतरून ज्या यवतमाळास जातात, तेथील यशवंत खुशाल देशपांडे यांनीं १९२५ सालीं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नागपूरचे हरि नारायण नेने यांनीं १९३६-३७ च्या सुमारास लीळाचरित्र छापलें, आणि १९७८ सालीं डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ति निघाली. म्हाइंभटानें वेंचलेलें सर्वांपर्यंत पोंचावयास असा जवळजवळ सातशें वर्षांचा अवधि लागला.

धाडीनें जें साधलें नाहीं तें कुलुपानें साधलें, हें या कथेचें सार आहे. आजही ज्यास फीडांची निवड करून ती इतरांस द्यावयाची आहे, त्यानें रिद्धपूरच्या त्या लेखकांकडे पाहावें. प्रत्येक वेंच्याबरोबर मूळ लेखकाचें नांव ठेवावें, आणि आपल्याशीं न जुळणारें मतही सोडूं नये. फीडांची यादी एका साध्या फाइलींत उतरवून कोणासही देतां येते, ओ.पी.एम.एल. या नांवाची ही पद्धति २००० सालापासून चालत आली आहे. जो संग्रह एकाच मालकाच्या घरीं असतो, तो त्या घराबरोबर जातो. जो चार घरीं उतरवून घेतलेला असतो, तो एक घर बुडालें तरी उरतो. रिद्धपुरीं २०२४ सालीं मराठी भाषा विद्यापीठ कामास लागलें, याचें कारणही हेंच कीं, तेथील एक संग्रह अनेकांनीं जिवाभावानें जपला आणि अखेर कोणीतरी त्याचें दार उघडलें.