फोटो 'छान' आहे, पण पुढे काय?

रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या सभागृहात रहिवाशांनी काढलेल्या छायाचित्रांचं प्रदर्शन लागलं, ही आनंदाची गोष्ट आहे. स्मरणिकेसाठी 'इतिहासावर काहीतरी लिहा' असं समितीने सांगितलं, तेव्हा मी ठरवलं, फोटो काढण्याचा नको, फोटोवर बोलण्याचा इतिहास लिहू. कारण हौशी माणसाच्या फोटोला चांगलं-वाईट कसं म्हणायचं, हा प्रश्न कॅमेऱ्याइतकाच जुना आहे.

आपल्या मुंबईपासूनच सुरुवात करू. लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५३ साली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईतही तशी संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिचे सभासद. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. सभासदांनी आपलं काम आणायचं, ते इतरांनी पाहायचं आणि कृतीवर चर्चा करायची, ही अशा संस्थांची रीत. चर्चेला कारणही तसंच होतं. तेव्हा काचेवर ओलं रसायन पसरून फोटो घेत आणि ते वाळायच्या आत, म्हणजे साधारण दहा मिनिटांत, सगळं उरकावं लागे. मुंबईच्या उन्हात तेवढाही वेळ मिळत नसे. अशा वेळी 'वा, छान!' म्हणून काय उपयोग? डाग का पडला, रसायन कुठे चुकलं, हे जाणत्याने सांगितलं तरच दुसऱ्याची पुढची काच वाचणार.

दुसरी गोष्ट ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंची. जन्म कोलकात्याचा, १८१५ सालचा. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ मध्ये, मुलगी-जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. म्हणजे 'आता या वयात काय शिकायचं' म्हणणाऱ्या आपल्या ज्येष्ठ मंडळींनी बाईंकडे पाहावं! त्यांचे चेहऱ्यांचे फोटो जाणूनबुजून किंचित धूसर असत. लंडनच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकाने १८६५ मध्ये त्यांना निष्काळजी ठरवून झोडपलं. बाई डगमगल्या नाहीत. पण त्या कोणाचं ऐकतच नव्हत्या, असंही नाही. चित्रकार जी. एफ. वॉट्स यांच्याकडे त्या आपल्या सदोष प्रतीसुद्धा अभिप्रायासाठी पाठवत. फरक असा की वॉट्स यांना बाईंना काय साधायचं आहे ते ठाऊक होतं. टीकाकारांनी मात्र आपली फूटपट्टी त्यांच्या कामाला लावली. आज त्याच बाईंचे फोटो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपून ठेवले आहेत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. १८८७ साली लंडनच्या 'अमॅच्युअर फोटोग्राफर' साप्ताहिकाच्या स्पर्धेत पी. एच. एमर्सन या परीक्षकाने आल्फ्रेड स्टीग्लिट्झ नावाच्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला पहिलं बक्षीस दिलं. पुढे हेच स्टीग्लिट्झ न्यूयॉर्कमध्ये मोठे झाले. त्यांच्या गॅलरीत पॉल स्ट्रँड हा तरुण आपले फोटो दाखवायला येई. मऊ, धूसर फोटो काढायची तेव्हा फॅशन होती आणि स्ट्रँडही तसंच भिंग वापरत होता. स्टीग्लिट्झ त्याला 'वाईट आहे' एवढंच म्हणाले नाहीत. त्यांनी दाखवून दिलं की या भिंगामुळे गवत, पाणी, झाडाची साल सगळं एकसारखं दिसतंय, प्रत्येक वस्तूचा आपला पोत हरवतोय. आणि उपायही सांगितला, की भिंगाचं छिद्र लहान कर. स्ट्रँडने ते मनावर घेतलं. १९१७ साली स्टीग्लिट्झ यांनी आपल्या 'कॅमेरा वर्क' या त्रैमासिकाचा शेवटचा अंक संपूर्णपणे त्याच्याच फोटोंना दिला.

मी आयुष्यभर बँकेत काम केलं, त्यामुळे मला यात तपासणीच्या अहवालाची आठवण होते. 'शाखेचं काम असमाधानकारक' एवढंच लिहिणारा इन्स्पेक्टर कुणाच्याच कामाचा नसे. अमुक रजिस्टर, अमुक पान, अमुक नोंद राहिली, ती अशी पूर्ण करा, असं लिहिणाऱ्याचा अहवाल मात्र आम्ही जपून ठेवायचो. फोटोचंही तसंच. 'आजींच्या चेहऱ्यावर सावली आहे, त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं असतं तर डोळे दिसले असते,' हा अभिप्राय झाला. 'जमलं नाही' हा नुसता शेरा.

हे सांगायचं कारण घडलंय. आपल्याच एका इमारतीतल्या दहावीच्या मुलाने गच्चीवरून पावसाचे फोटो काढून लावले होते. कुणीतरी ऐकू जाईल असं म्हणालं, "मोबाईलवर काय, कुणीही काढतं!" दुसऱ्या दिवशी त्याने तिन्ही फोटो उतरवून नेले. त्यातल्या एका फोटोत पाण्याच्या टाकीचा तिरका कोपरा अर्धी जागा खात होता. एक पाऊल डावीकडे सरकला असता तर चित्र सुरेख झालं असतं. हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मी आता सांगणार आहे, आणि फोटो पुन्हा लाव म्हणूनही विनवणार आहे.

ऐकणाऱ्यांनाही दोन शब्द. फोटोला नाव ठेवलं म्हणजे आपल्याला नाव ठेवलं असं नव्हे. लगेच 'अहो, तेव्हा उजेडच नव्हता' असा खुलासा करू नका. आधी ऐकून घ्या. कॅमेरॉनबाईंसारखं, कोणाचं घ्यायचं आणि कोणाचं सोडायचं ते मागाहून ठरवा. आणि विचारताना नुसतं 'कसा आहे?' विचारू नका. 'नजर आधी कुठे जाते?' असं विचारा, म्हणजे उत्तरही नेमकं मिळेल.

माझी सूचना अशी आहे. प्रदर्शन संपलं तरी महिन्यातून एका रविवारी सभागृहात बसावं, ज्याने-त्याने एकच फोटो आणावा. प्रत्येकाने आधी त्यात काय जमलंय ते सांगावं, मग एकच सुधारणा सुचवावी. आणि मागच्या बाजूला तारीख आणि माणसांची नावं पेन्सिलीने लिहावीत. भूमिपूजनाच्या आपल्या फोटोत चौदा माणसं आहेत. त्यातली पाच जण कोण, हे आज आपल्यापैकी कुणालाच सांगता येत नाही.