अग्रलेखाची सक्ती कशाला?

मुलाचं इंग्रजी सुधारायचं तर रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचायला लावा, अडलेला प्रत्येक शब्द डिक्शनरीत पाहून वहीत उतरवून घ्या. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्सपासून पुण्याच्या पेठांपर्यंत या सल्ल्यावर पालकांचं एकमत दिसतं. सोप्या गोष्टी वाचून भाषा काय सुधारणार, हा त्यामागचा पूर्वपक्ष.

तो टिकत नाही. कुणाच्या मदतीविना मजकूर नीट कळायचा तर त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन सांगतं. ६०० शब्दांच्या अग्रलेखात दहा टक्के शब्द अडले, तर साठदा कोश उघडायचा! शेवटच्या परिच्छेदापर्यंत पहिल्यातला मुद्दा कुणाच्या लक्षात राहणार?

ही जाण आपल्याकडे जुनी आहे. ढाक्यात शिक्षक घडवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालच्या शाळांबद्दल लिहिताना विम्यातली ‘सरेंडर व्हॅल्यू’ची कल्पना वापरली (पॉलिसी मध्येच सोडली तर हाती येणारी रक्कम). शिक्षण अर्ध्यावर सुटलं तर मुलाच्या हाती काय उरतं? त्यांचं उत्तर होतं, वाचता येणं. म्हणून त्यांनी मोजक्या, नेहमीच्या शब्दांत गोष्टींची पुस्तकं तयार केली.

‘वाचून आकलन वाढेल, पण व्याकरणाचं काय?’ हा आक्षेप वजनदार आहे. त्याचं उत्तर फिजीत मिळतं. १९८० च्या सुमारास एली आणि मंगुभाई या संशोधकांनी तिथल्या खेड्यांतल्या वर्गांना प्रत्येकी अडीचशे रंजक पुस्तकं दिली. आठ महिन्यांत या मुलांची वाचनातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली. दुसऱ्या वर्षाअखेर तर फायदा लेखन आणि व्याकरणातही दिसला. परीक्षेपुरतं व्याकरण शाळेने जरूर शिकवावं, पण पालकांनी घरचा वेळ त्यात घालवू नये.

पुस्तकांची वाण आहे म्हणावं, तर दिल्ली पब्लिक लायब्ररीची शाखा सरोजिनी नगरातच आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर चार पातळ्यांच्या गोष्टी फुकट मिळतात, इंग्रजीत आणि मराठीतही. तेव्हा पुस्तक मुलालाच निवडू द्या, कंटाळा आला तर अर्ध्यावर टाकू द्या आणि वाचून झाल्यावर ‘नवे शब्द किती आले?’ हे तेवढं विचारू नका.