जुन्या लिनक्स मशीनवर कॉन्की हलकी कशी करायची?

कॉम्प्युटरवर नजर ठेवायला सिस्टीम मॉनिटर लावायचा आणि त्या मॉनिटरनेच कॉम्प्युटर हळू करायचा, हा उद्योग मी स्वतः केलाय. आमच्या घरी एक जुनं नेटबुक आहे. इंटेल ॲटम एन२७० प्रोसेसर, १.६ गिगाहर्ट्झ, एकच कोर, १ जीबी रॅम. वर डेबियन १२ आणि एलएक्सडीई. बाबा त्यावर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सोसायटीचा जमाखर्च ठेवतात. पंखा आवाज करायला लागला, म्हणून तापमान सतत दिसावं यासाठी मी डेस्कटॉपवर कॉन्की बसवली. दोनच दिवसांत बाबा म्हणाले, "अरे, तो तुझा काळा चौकोन आल्यापासून आकडा टाइप केला की उमटायला वेळ लागतो."

मी टर्मिनलमध्ये 'टॉप' उघडून पाहिलं. कॉन्की यादीत बरीच खाली, अगदी साधीभोळी दिसत होती. इथेच बहुतेक जण फसतात.

कॉन्की २००५ पासून आहे, टॉर्समो नावाच्या जुन्या मॉनिटरमधून ती निघाली. स्वतः ती हलकीच आहे. सीपीयू, रॅम, बॅटरी यांचे आकडे ती थेट कर्नलच्या 'प्रॉक' आणि 'सिस' या फोल्डरांतून वाचते. डिस्कवर नसलेल्या या फाइल्स वाचायला गेलं की कर्नल त्यांतला मजकूर त्याच क्षणी तयार करून देतं. अशा दहा-बारा फाइल्स वाचणं ॲटमलाही जड नाही.

जड असते ती आपण नेटवरून उचललेली कॉन्फिग फाइल. माझ्या फाइलमध्ये 'एक्झेक'च्या पाच ओळी होत्या. (सेटिंगची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाइलमध्ये ती रोमनमध्येच असतात.) एक्झेक म्हणजे बाहेरची कमांड चालवून तिचं उत्तर दाखवणं. तापमानाची ओळ 'सेन्सर्स'चं उत्तर 'ग्रेप'कडे, तिथून 'ऑक'कडे आणि शेवटी 'टीआर'कडे पाठवत होती. म्हणजे चार प्रोग्रॅम आणि ते चालवायला एक शेल, एकूण पाच प्रोसेस. बाकीच्या ओळीही अशाच, म्हणजे प्रत्येक फेरीला २५. अपडेट इंटरव्हल १ सेकंद होता, म्हणजे तासाला ९०,००० प्रोसेस जन्मायच्या आणि मरायच्या. कशासाठी, तर एक तापमान आणि चार किरकोळ आकडे दाखवायला!

या प्रोसेस इतक्या थोडा वेळ जगतात, की 'टॉप' पुढच्या वेळी यादी करेपर्यंत त्या संपलेल्या असतात. त्यांचा खर्च कॉन्कीच्या नावावर दिसतच नाही. तो बघायचा असेल तर 'टॉप' चालू असताना शिफ्ट धरून एस दाबा. मग संपलेल्या मुलांनी खाल्लेला सीपीयूचा वेळही पालक प्रोसेसच्या टाइम रकान्यात धरला जातो. माझी साधीभोळी कॉन्की तिथे भलतीच खादाड निघाली.

नेमकं मोजायचं तर चालू असलेली कॉन्की बंद करा आणि टर्मिनलमध्ये रोमनमध्ये 'टाइम टाइमआउट ६० कॉन्की' असं टाइप करा. मिनिटभराने कॉन्की आपोआप बंद होईल आणि खाली रिअल, युजर, सिस असे तीन आकडे येतील. युजर आणि सिसची बेरीज समजा ६ सेकंद आली, तर कॉन्की एका कोरचा १० टक्के वेळ खातेय. कॉन्फिगमध्ये 'बॅकग्राउंड' फॉल्स असल्याची खात्री करा, नाहीतर कॉन्की लगेच मागे निघून जाते आणि मोजणी फुकट जाते. प्रत्येक बदलानंतर हे पुन्हा करा, अंदाजाने काही ठरवू नका.

आता दुरुस्ती. फाइल होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात, कॉन्की या फोल्डरात असते. आधी तिची कॉपी काढून ठेवा.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो एक्झेक काढल्याने. बहुतेक आकड्यांसाठी कॉन्कीची स्वतःची व्हेरिएबल्स आहेत. तापमानाला 'एचडब्ल्यूमॉन' वापरा. त्याला उपकरणाचा नंबर देता येतो, पण रीबूटनंतर हे नंबर कधी कधी बदलतात, म्हणून 'कोरटेम्प' असं नाव दिलेलं बरं. जिथे बाहेरची कमांड लागतेच, तिथे 'एक्झेकआय' वापरून सेकंद द्या. किती अपडेट बाकी आहेत हे तासाने एकदा, म्हणजे ३६०० सेकंदांनी, कळलं तरी काही बिघडत नाही. हवामानासारखी नेटवरून येणारी माहिती असेल तर 'टीएक्झेकआय' घ्या. ती कमांड वेगळ्या थ्रेडमध्ये चालते, त्यामुळे नेट अडकलं तरी कॉन्की अडकत नाही.

मग अपडेट इंटरव्हल १ वरून ५ करा. बॅटरीवर असताना वेगळा इंटरव्हल देता येतो, तिथे मी १५ ठेवलाय. मधली माहिती हुकेल का? सीपीयूच्या बाबतीत नाही. कर्नल एकूण वेळ मोजत असतं, कॉन्की फक्त दोन वाचनांतला फरक काढते. एका सेकंदाची उसळी पाच सेकंदांच्या सरासरीत बुटकी दिसेल, एवढंच.

सर्वाधिक सीपीयू खाणाऱ्या प्रोग्रॅमची यादी डेस्कटॉपवर छान दिसते, पण तिच्यासाठी दर फेरीला प्रत्येक प्रोसेसची फाइल उघडून वाचावी लागते. मी ती काढून टाकली. गरज पडेल तेव्हा 'एचटॉप' उघडायचं, तेही 'डॅश डी ५०' देऊन, म्हणजे ते दीड सेकंदाऐवजी पाच सेकंदांनी ताजं होतं.

लुआ आणि कैरो वापरून काढलेली ती गोल चक्रं? जुन्या मशीनवर नकोच. दर फेरीला सगळं चित्र नव्याने काढलं जातं. शिवाय स्क्रिप्ट लिहिणारा कैरोचा सरफेस नष्ट करायला विसरला असेल, तर रॅम हळूहळू गळत राहते आणि १ जीबीच्या मशीनवर संध्याकाळपर्यंत स्वॅप सुरू होतो. खऱ्या पारदर्शकतेचाही मोह सोडा. तिला कंपोझिटर लागतो आणि तो जुन्या ग्राफिक्सवर ओझंच असतो. साधी काळी पार्श्वभूमी पुरते.

कोणी सुचवेल की 'नाइस' लावून कॉन्कीची प्राथमिकता कमी करा. त्याने टायपिंग थोडं सुधारतं, पण काम तेवढंच होतं, बॅटरी आणि उष्णताही तेवढीच.

कॉन्की नको असेल आणि ग्नोमचा सिस्टीम मॉनिटर वापरत असाल, तर तो आलेखांच्या टॅबवर उघडा सोडू नका. काम झालं की बंद करा.

बाबांच्या नेटबुकवर आता चारच ओळी आहेत: तापमान, रॅम, बॅटरी, डिस्कवरची मोकळी जागा. त्यात एक्झेक एकही नाही. आकडे टाइप केल्याबरोबर उमटतात. पंखा मात्र अजून आवाज करतो, तो उघडून साफच करावा लागणार.