आडनावातलं गाव आणि करारातलं शहर

आजचा विषय आहे भगिनी शहरांचा, म्हणजे दोन देशांतल्या दोन गावांनी एकमेकांशी रीतसर नातं जोडण्याचा. त्यातही स्थलांतरित माणसांच्या वारशावर उभ्या राहिलेल्या नात्यांबद्दल मी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, कोंडाण्यात बसून हा विषय कशाला? तर सुरुवात इथल्याच लेण्यापासून करतो.

आपल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, भग्न शिल्पाच्या डोक्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं, एवढाच तिचा अर्थ. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची ही ओळ. बलकानं गुरूचं नाव सांगितलं, गावाचं नाही सांगितलं. आता घाट चढून कार्ल्याला जा. तिथल्या लेखांमध्ये दात्यांची नावं गावासकट येतात. कुणी सोपाऱ्याचा, कुणी धेनुकाकटाचा. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी तिथे भेटतो. धेनुकाकटाच्या काही दात्यांनी तर स्वतःला ‘यवन’ म्हणवून घेतलंय. म्हणजे मूळ परदेशी, पण दान देताना पत्ता सांगितला तो इथल्या गावाचा. माणूस गाव सोडतो, दुसऱ्या गावाचा होतो, आणि तरी आपण कुठले हे नोंदवून ठेवावंसं त्याला वाटतं. ही गोष्ट जुनीच आहे. भगिनी शहराचा करार तिच्या मानानं अगदी नवा.

हा प्रकार वाढला दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्ध चालू असतानाच, १९४४ साली, बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीनं रशियातल्या स्टालिनग्राडशी नातं जोडलं. पुढे फ्रेंच आणि जर्मन गावांनी असे करार केले. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्यांच्या मुलांनी एकमेकांच्या घरी राहून शिकावं, हा त्यामागचा विचार. १९५६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी याला राष्ट्रीय चळवळीचं रूप दिलं. आपल्याकडे मुंबईनं १९६५ मध्ये जपानच्या योकोहामाशी आणि १९६८ मध्ये जर्मनीच्या श्टुटगार्टशी असं नातं जोडलं. बंदराशी बंदर, उद्योगनगरीशी उद्योगनगरी. इथे आधी कागद झाला आणि मग माणसं ये-जा करू लागली.

पण दुसरा एक प्रकार आहे. त्यात माणसं आधी जातात आणि कागद खूप उशिरा येतो. त्याचं चांगलं उदाहरण इटलीचं आहे.

१८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत इटलीतून सुमारे १ कोटी ४० लाख माणसं बाहेर पडली. दारिद्र्य, जमिनीची टंचाई, कर, ही कारणं आपल्याला ओळखीची वाटतील. सिसिलीत पालेर्मोजवळ इझोला देल्ले फेम्मिने नावाचं मच्छीमारांचं छोटं गाव आहे. तिथले कोळी कॅलिफोर्नियात गेले. काही पिट्सबर्गला स्थिरावले. पेनसिल्व्हेनियातलं मोठं पिट्सबर्ग नव्हे, नदीकाठचं छोटं. काही माँटेरेला, सार्डिन मासळीच्या धंद्यात गेले. जाताना त्यांनी जाळी विणायची पद्धत नेली, बोली नेली आणि पालेर्मोची संत रोझालियाही नेली. माँटेरेत तिच्या नावानं उत्सव भरू लागला, होड्यांना आशीर्वाद दिला जाऊ लागला. आपली नारळी पौर्णिमा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र कळेल.

आज ही दोन्ही शहरं इझोलाची भगिनी शहरं आहेत. पण करार झाले ते माणसं जाऊन दोन-तीन पिढ्या उलटल्यावर. इतका उशीर का? स्थलांतराचे इतिहासकार मार्कस ली हॅन्सन यांनी १९३८ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं. पहिली पिढी पोट भरण्यात गुंतलेली असते. दुसऱ्या पिढीला आपलं वेगळेपण लपवायचं असतं. तिसरी पिढी सुरक्षित असते, आणि ती आजोबांचं गाव शोधायला लागते.

लपवण्याला तसंच कारण होतं. १९४२ मध्ये अमेरिका इटलीशी लढत होती, तेव्हा नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे ६ लाख इटालियनांना ‘शत्रुराष्ट्राचे परकीय’ ठरवलं गेलं. किनाऱ्यालगतच्या भागांतून म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही घरं सोडावी लागली. बेसबॉलचा महान खेळाडू जो डिमॅजिओ, ज्याला सारी अमेरिका डोक्यावर घेत होती, त्याचे वडील इझोलाचेच. मुलगा राष्ट्राचा हिरो आणि बापाला धक्क्यावर जायला बंदी. ऑक्टोबरमध्ये हे निर्बंध उठले, पण घराघरातून इटालियन भाषा गेली ती गेलीच. तेव्हा वारसा म्हणजे पास्ता आणि मिरवणूक एवढंच धरू नका. हा अपमानही वारशातच येतो, आणि करारात त्याला जागा नसेल तर उरते फक्त सहल.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. रायगडचं ‘इझोला’ शोधायला लांब जायला नको. बेने इस्रायल समाज आठवा. परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात जोडपी वाचली. ती इथलीच झाली. तेलाच्या घाण्याचा धंदा करायची, शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. मराठी बोलायची, मराठीत कीर्तनं करायची. नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरं यांचा मलिदा करून एलियाहू हनाबीला अर्पण करायची. अलिबागला इस्रायल आळी आहे. अलिबागचं सिनेगॉग १८४८ चं, आणि आपल्या शेजारच्या पनवेलचं १८४९ चं.

आणि त्यांची आडनावं बघा. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चौलकर, दिवेकर, केहिमकर, नवगावकर, वाक्रुळकर. अशी शंभराहून अधिक गावं त्यांच्या आडनावांत आहेत. एखाद्यानं रायगडचा नकाशा हरवला तर तो या आडनावांवरून पुन्हा काढता येईल. १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं ते सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी. म्हणजे गाव सोडून मुंबईला गेले, तरी ‘दिवे’ त्यांच्याबरोबर गेलं.

१९५० च्या आसपास भारतात हा समाज सुमारे वीस हजारांचा होता. पुढे बहुतेक जण इस्रायलला गेले: बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद. तिथेही दुखरा भाग आहेच. वागणूक भेदभावाची मिळते म्हणून काहींनी १९५१-५२ मध्ये धरणं धरली, आम्हाला परत पाठवा म्हणाले, आणि शंभरावर माणसं खरोखर परत आली. त्यांतले बरेच नंतर पुन्हा गेले. मग १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या विवाहांबाबत शंका काढली. समाज रस्त्यावर उतरला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते सर्वार्थानं बरोबरीचे ज्यू असल्याचं जाहीर केलं. इथे आपण त्यांना शनवार तेली म्हटलं, तिथे त्यांना विचारलं गेलं की तुम्ही नक्की कोण. आणि तीच माणसं तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढतात, एकत्र येऊन महाराष्ट्र दिन साजरा करतात. सांगा, करारासाठी याहून घट्ट पाया कोणता?

याच्या उलट उदाहरण मॉरिशसचं. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून भारतातून साडेचार लाखांवर माणसं गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण आडनावं गेली. कारकुनानं बापाचं नाव आडनाव म्हणून लिहिलं, आणि सखाराम किंवा बापू हेच पुढे घराण्याचं नाव झालं. गाव नावातून पुसलं गेलं. मात्र कागद राहिला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या आहेत, आणि त्यांत नाव, वय, जात, जिल्हा, तालुका, गाव असं सगळं लिहिलेलं सापडतं.

म्हणजे बघा, बेने इस्रायलांकडे गाव नावात आहे, मॉरिशसच्या मराठी माणसाकडे गाव वहीत आहे. गेलेल्यांनी आपापल्या परीनं आपली अर्धी बाजू सांभाळली. उरलेली अर्धी बाजू आपली. आपण काय सांभाळलं?

माझ्या आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. स्थलांतरावर आधारलेलं भगिनी शहर ही दोन्हीकडच्या आठवणींची भागीदारी असते. सिसिलीत नातवंडं गेली तेव्हा तिथल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या होत्या, त्यामुळे पणजोबाचं नाव सापडलं. उद्या दिमोनाहून एखादी पेणकर मुलगी किंवा मॉरिशसहून एखादा सखाराम आपल्या तालुक्यात आला, तर आपण त्याला काय दाखवणार? हार घालू, नारळ देऊ, फोटो काढू. आणि मग?

कराराची पायरी अवघड नाही. परराष्ट्र व्यवहार केंद्राच्या अखत्यारीत, त्यामुळे नगर परिषदेनं ठराव केला तरी वरची मान्यता लागते. वेळ जातो, पण ते होतं. पुण्यानं १९९२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन होजेशी करार केलाच. खरं काम त्याआधीचं आहे, आणि त्याला कुणाची मान्यता लागत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना चौदा, म्हणजे आपलं कोतवाल बुक, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. बऱ्याच नोंदी मोडीत आहेत. जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं आहेत. फेरफार आहेत. बेने इस्रायलांची दफनभूमी जिथे आहे तिथल्या दगडांवर मराठी आणि हिब्रू अक्षरं शेजारी शेजारी आहेत, आणि ती दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजतायत. मोडी वाचणारी माणसं कमी होतायत. हे सगळं टिपून ठेवायला दहा मुलं, एक चांगला कॅमेरा आणि दोन उन्हाळे पुरतील.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय थांबता येत नाही. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून दरवर्षी दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तीही स्थलांतरंच आहेत. त्यांच्या आडनावात लांबचं बंदर नाही, त्यांच्यासाठी कुठलं भगिनी शहर होणार नाही. पण एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या बोटीत चढलेला मजूरही असाच उचल घेऊन गेलेला होता. तेव्हा त्याची नोंद झाली म्हणून आज त्याचा पणतू गाव शोधू शकतो. आपल्या वाडीतून यंदा कोण गेलं, कुठे गेलं, पोरं शाळेतून सुटली का, ही नोंद आज आपण ठेवतो का? गेलेल्यांचा अभिमान बाळगायचा असेल तर जाणाऱ्यांची नोंद ठेवायला हवी. दोन्ही कामं एकाच वहीत होतात.

बलकानं आपलं गाव कोरलं नाही. त्यामुळे तो इथलाच होता की घाटावरून आला होता, हे दगड सांगत नाही. ही चूक आपण पुन्हा करू नये, एवढंच म्हणतो आणि थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.